नळीचा काटा आणि बिननळीचं घड्याळ

आमच्या धंद्यात माणूस पाण्याखाली गेला की काठावरच्यांना दोनच गोष्टी कळतात, दोरी आणि बुडबुडे. दोरी हलतेय तोवर तो काम करतोय आणि बुडबुडे येताहेत तोवर श्वास घेतोय. पाठीवरच्या सिलिंडरमध्ये हवा किती उरली, हे मात्र काठावरून कळत नाही. ते सांगणारं एक उपकरण असतं आणि त्या उपकरणावरून माझ्या सख्ख्या बहिणीचं घर मला तुटलं. हे सांगितलं की लोक हसतात. माणसं जमिनीवरून तुटतात, बांधावरून तुटतात, लग्नातल्या मानपानावरून तुटतात. आमचं हवेच्या काट्यावरून तुटलं.

मी संगमनेरच्या बाजूचा. प्रवरेपासून थोडं आत आमचं गाव. विहिरीत पडलेल्या मोटारी काढण्यापासून मी सुरुवात केली. मोटार पडली की शेतकरी आधी शेजाऱ्याला बोलावतो, मग मेकॅनिकला, आणि पीक माना टाकायला लागलं की मला. हे मी ओळखून होतो. पहिल्या निरोपाला मी कधी गेलो नाही. दुसरा निरोप आला की जायचो, विहिरीत डोकवायचो, मान हलवायचो आणि चपला घालायचो. मागून हाक आली की तिथून भाव सुरू. याला कोणी लबाडी म्हणेल. म्हणो. वडील गेले तेव्हा घरात एक दोर होता आणि मला बुडी मारता येत होती. त्या दोन गोष्टींवर मी जीप घेतली, घर बांधलं, आणि कोणाच्या दारात उभा राहिलो नाही.

एका खोल विहिरीत माझ्या डाव्या कानाचा पडदा फाटला. डॉक्टर म्हणाले, पुन्हा पाण्याखाली गेलात तर उजवाही जाईल. घासाघीस करणाऱ्या माणसाला दोन्ही कान गेलेले परवडत नाहीत. म्हणून मी दाजींना धंद्यात घेतलं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, मालक. नदीकाठच्या गावचे, डोहात वाढलेले. अंगाने सडसडीत आणि तोंडाने मुके म्हणावेत इतके कमी बोलणारे. तेव्हा ते वाळूच्या गाडीवर हमाली करायचे. त्यांना मी त्यातून बाहेर काढलं, हेही लोक आता विसरले. मी मुंबईहून जुने सिलिंडर आणले, सिलिंडरमधली हवा तोंडाशी आणून देणारा रेग्युलेटर आणला, हवा भरायचं मशीन आणलं. मग आम्ही विहिरी सोडून मोठ्या कामांना लागलो. साखर कारखान्याची नदीतली जॅकवेल, तलावांची दारं, लहान धरणांच्या जाळ्या. मी काम ठरवायचो, दोरी धरायचो. दाजी खाली जायचे.

त्या जुन्या रेग्युलेटरला एक काळी जाड नळी होती. तिच्या टोकाला मोठ्या घड्याळाएवढी तबकडी, आत काटा, आणि शेवटच्या भागाला लाल रंग. सिलिंडर भरलेला असला की काटा वर असायचा, आणि हवा संपत आली की लालात यायचा. यापलीकडे त्यात समजून घेण्यासारखं काही नव्हतं, आणि तेच पुढे नडलं.

आमच्या भागात विहीर खोदणाऱ्यांची एक रीत आहे. माणूस विहिरीत उतरला की काठावर त्याच्या घरचं एक माणूस बसलं पाहिजे. मजूर चालत नाही, मुकादम चालत नाही, घरचंच लागतं. आणि तो वर येईपर्यंत त्या माणसाने अन्नपाण्याला शिवायचं नाही. सुरुंगाच्या काळात ही रीत पडली असणार. खालच्याचा जीव वरच्याच्या उपाशी पोटाशी बांधलेला राहावा, म्हणून. आक्काने ती रीत आमच्या धंद्यात आणली. दाजी पाण्यात जाणार म्हटलं की ती भाकरीचं फडकं घेऊन जीपमध्ये बसायची आणि काठावर दगड बघून बसून राहायची. मी म्हणायचो, "आक्का, मी हाय की काठावर. मी काय परका हाय का?" ती म्हणायची, "तू ठेकेदार हायेस."

दाजी वर आले की पहिलं काम एकच. ते काठाला हात लावायचे आणि नळीची तबकडी पाण्याबाहेर काढून आक्काच्या हातात द्यायचे. ती पदराने काच पुसायची आणि काटा बघायची. काटा पांढऱ्यात असेल तर भाकरी सोडायची. लालात असेल तर भाकरी सोडायची, पण त्या दिवशी दुसरा सिलिंडर नाही. हा तिचा कायदा. लाल याचा अर्थ माणूस खाली गरजेपेक्षा जास्त थांबला, म्हणजे आता दमलाय, म्हणजे आज बास. मी किती वाद घातला, दुसरा सिलिंडर भरलेलाच असतो, त्याचा लालाशी संबंध नाही. ती ऐकायची नाही. एका दिवसाचं काम दोन दिवसांवर जायचं, मजूर बसून राहायचे, कारखान्याचे लोक मला बोल लावायचे. मी गिळत होतो. बहीण आहे म्हणून गिळत होतो.

मग जॅकवेलचं ते काम आलं. नदीतून कारखान्याला पाणी घेतात तिथल्या जाळीत बाभळीच्या फांद्या, ऊस, फाटक्या साड्या, खताच्या गोण्या, असं सगळं अडकून बसलं होतं. दाजी गोण्या ओढून काढत होते आणि त्यांची ती नळी जाळीच्या दोन सळ्यांमध्ये गेली. तबकडी पलीकडे, दाजी अलीकडे. वरून आम्हाला एवढंच दिसलं की बुडबुडे एकाच जागी येताहेत आणि दोरी गप्प आहे. मी दोरीला झटका दिला, उलट झटका आला नाही. आक्का उठून उभी राहिली. तिने हातातलं फडकं पिळायला सुरुवात केली. दाजी आले, पण फार वेळाने आले. वर आल्यावर त्यांनी तबकडी दिली, काटा लालाच्या तळाशी टेकलेला. काचेला उभा चरा पडला होता.

मला त्या दिवशी जे वाटलं ते मी कोणाला सांगितलं नाही. रागावलो तेवढं सगळ्यांना दिसलं. मी ठरवलं की ही नळी आता नको.

मुंबईला गोदीजवळच्या एका गल्लीत जहाजावरून उतरवलेलं सामान विकणारा एक म्हातारा होता. कोकणातला, स्वतः जहाजावर नोकरी केलेला. माझे सिलिंडर त्याच्याकडचेच. मी त्याला नळीचं गाऱ्हाणं सांगितलं. त्याने आतून एक डबा आणला. त्यात अंगठ्याहून थोडी मोठी एक काळी डबी होती आणि मनगटावर बांधायचं एक जाड घड्याळ.

"ही डबी रेग्युलेटरला बसवायची," तो म्हणाला. "ती हवा मोजते आणि घड्याळाला कळवते. घड्याळात आकडा दिसतो. मध्ये नळी नाही."

"मग कळवते कशी?"

"रेडिओ कसा कळवतो? तशी. एका परदेशी माणसाने जाताना विकलं. नवं आहे. इकडे कोणाकडे बघायला मिळणार नाही."

"म्हणजे इकडे कोणी घेत नाही," मी म्हणालो.

तो हसला. "तुम्ही पुन्हा आलात, साहेब. मला वाटलं होतं, मागच्या वेळी माझी कातडी नेलीत तेवढ्यावर भागेल."

मग मी माझ्या पद्धतीने सुरू केलं. आधी नळीच्या काट्यांचे भाव विचारले. दोन-तीन हातात घेऊन बघितले, नळी वाकवली, कान लावला. घड्याळाकडे पाठ केली. त्याने चहा मागवला. चहा संपेपर्यंत मी नळीचंच बोलत होतो. शेवटी तोच म्हणाला, "घड्याळाचं काय?"

"त्याचं तुम्हीच सांगा. बंद पडतं का?"

म्हातारा खरं बोलणारा होता, हे मला कबूल आहे. तो म्हणाला, "पडतं. बॅटरी संपली तर आकडा जातो. डबीला मार बसला तर जातो. हात फार लांब गेला तर क्षणभर जातो आणि परत येतो. नळीच्या काट्याचं तसं नाही. हवा थेट तबकडीत येते, मध्ये कोणी नाही. म्हणून मी सांगतो, घड्याळ घ्या आणि जुना काटाही असू द्या. रेग्युलेटरला दोन भोकं आहेत, दोन्ही बसतात. काटा छातीला बांधून टाका म्हणजे लोंबणार नाही."

आता मी इतकी वर्षं बाजारात काढली आहेत. जुना राहू द्या असं दुकानदार म्हणतो, तेव्हा बहुतेक त्याला जुना मोडीत घ्यायचा नसतो. मी माझा चरा पडलेला काटा नळीसकट त्याच्यासमोर ठेवला आणि म्हणालो, हा घ्या, घड्याळ द्या, वरचं काय ते बोलू. तो नको म्हणाला. मी उठलो. चपलेत पाय घातला. त्याने हाक मारली.

गावी येताना मी खूश होतो. दाजींच्या अंगावरची नळी गेली होती आणि सौदा माझ्या मनासारखा झाला होता. यात वाईट काय केलं, हे मला अजून कोणी समजावून दिलेलं नाही.

घड्याळाचं पहिलं काम डोंगराकडच्या एका लहान धरणावर होतं. पाणी सोडायच्या दारापुढची जाळी तुंबली होती. कालव्याचं आवर्तन तोंडावर आलेलं, खाली कांदा उभा होता, आणि शेतकरी सकाळपासून भिंतीवर येऊन बसले होते. खात्याचे साहेब सारखे हाताचं घड्याळ बघत होते. मी दाजींच्या मनगटावर आमचं घड्याळ बांधलं. आक्का खाली पाण्याजवळ तिच्या जागी बसली.

दाजी खाली गेले. दोरी नीट चालत होती, काही अडकलं नाही, कुठे थांबलं नाही. मी मनात म्हटलं, बघा. फांद्यांचा एक भारा वर आला, मग दुसरा. दाजी वर आले तेव्हा अर्धी जाळी मोकळी झाली होती.

आक्काने हात पुढे केला. दाजींनी मनगट पुढे केलं.

"ह्ये काय?"

"आकडा हाय," मी म्हणालो. "हवा किती उरली त्याचा."

"लाल कुठंय?"

"लाल नसतं त्याच्यात. पन्नासच्या खाली गेला की लाल समजायचं."

"आता किती हाय?"

दाजींनी मनगट वळवून बघितलं, पण तोवर त्यांनी सिलिंडर बंद करून हवा काढून टाकली होती. आकडा शून्यावर आला होता.

"सत्तर हुता," मी म्हणालो. खरंच होता. वर आल्या आल्या मी बघितला होता.

"तू बघितलास."

"व्हय, मी बघितला."

"म्हंजे आता तू सांगशील तेवढी हवा," आक्का म्हणाली.

भिंतीवरून कोणीतरी हसलं. मी दुर्लक्ष केलं. दाजींनी जीपजवळ जाऊन रेग्युलेटर दुसऱ्या सिलिंडरला बसवला. साहेब घाई करत होते, म्हणून वरचे दोन शेतकरी मदतीला धावले. त्यांनी तो सिलिंडर उचलला आणि दगडांच्या उतारावरून खाली आणला. फवारणीचा पंप जसा मुठीला धरून उचलतात तसा. मूठ म्हणून त्यांच्या हाताला सापडली ती आमची डबी. बिचाऱ्यांना काय माहीत? रेग्युलेटरवर एवढी छान काळी मूठ बसवलेली, ती धरायला नाही तर कशाला असेल? सगळा भार त्या डबीवर.

पाण्याजवळ आल्यावर दाजींनी हवा सोडली आणि मनगट बघितलं. मग सिलिंडर बंद करून पुन्हा उघडला. परत बघितलं.

"आकडा न्हाई, पाव्हणं."

मी बघितलं. आकड्याच्या जागी नुसत्या आडव्या रेघा. मी डबी फिरवली, घड्याळावर टिचकी मारली, रेघा तशाच.

"सिलिंडर भरल्याला हाय," मी दाजींना म्हणालो. "मी सोता भरलाय. मघाशी जेवढा वेळ खाली हुता त्याच्या अर्धाच वेळ थांबा. मी येळ बघतो. मी वढलं की वर या."

दाजींनी मान हलवली. हो म्हणून हलवली की नुसतीच, ते मला आजही सांगता येणार नाही. कारण तेवढ्यात आक्का उठली, तिने तो सिलिंडर दोन्ही हातांनी आडवा केला आणि त्याच्यावर बसली.

"आक्का, ऊठ."

ती उठली नाही. पदर खोचून बसली, गुडघ्यावर हात ठेवून. पाण्याकडे तोंड करून.

"बाई, उठा की," एक शेतकरी काकुळतीला आला. "कांदा जळाय लागलाय आमचा."

"कांदा परत लावता येतो," ती म्हणाली.

त्यावर दुसऱ्याने तोंड सोडलं. "ठेकेदार, इहिरीतून मोटारी काढता म्हनं तुमी. बहिनीला काय उठवता यीना."

सगळी भिंत हसली. साहेबही हसले. मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. आवाज चढला एवढं खरं. पण माझ्या जागी दुसरा कोण शांत राहिला असता? घर उभं करायला ज्याने हात दिला, त्याला शे-दीडशे माणसांत असं खाली पाडायचं? दाजींनी अंगातला पट्टा सोडला आणि ते आक्काच्या शेजारी जमिनीवर बसले. दोघांनी भाकरी सोडून खायला घेतली. मी उभा.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी नाशिककडची एक टोळी आणली. उरलेली जाळी त्यांनी मोकळी केली, आवर्तन सुटलं, कांद्याला पाणी मिळालं. नंतर मला कळलं की त्यांच्याकडे नळीचा काटाही नव्हता आणि बिननळीचाही. आत जायचं, जमेल तेवढं करायचं आणि वर यायचं. त्यांच्या काठावर कोणी बसलेलं नव्हतं. हे मी आक्काच्या कानावर जाईल अशा बेताने चार ठिकाणी बोललो. उलट माझ्या कानावर आलं ते असं की, ती नातेवाइकांत सांगत फिरतेय, काटा लालात गेलेला मला दिसू नये म्हणून भावाने काटाच विकून टाकला.

चोर म्हटलं असतं तरी मला चाललं असतं. बाजारात मला काय काय म्हटलेलं आहे. पण हे जिव्हारी लागलं. ज्या माणसाची नळी सळ्यांत अडकली म्हणून मी मुंबई गाठली, त्याच माणसाची हवा मी लपवणार? आणि ते बोलणारी माझी बहीण, जिने मला कडेवर वागवलं.

तरी मी पहिलं पाऊल उचललं, हे लक्षात घ्या. पुन्हा त्या म्हाताऱ्याकडे गेलो. डबी दुरुस्त करून घेतली आणि नळीचा काटा मागितला. त्याने फळीवरून माझाच काढला. तोच, काचेवर उभा चरा असलेला. मी भाव पाडून मागितला तर म्हणाला, "साहेब, त्या दिवशी गरज माझी होती. आज तुमची आहे." मी चपलेत पाय घातला. दारापर्यंत गेलो. त्याने हाक मारली नाही. मलाच मागे फिरावं लागलं.

रेग्युलेटरला मी दोन्ही बसवले. डबी एका बाजूला, नळी दुसऱ्या बाजूला. सिलिंडर जीपमध्ये टाकला आणि आक्काच्या गावी गेलो. दुपार टळली होती. दाजी ओट्यावर बसून दोर वळत होते. शेजारच्या दोन बाया निवडण-टिपण करत बसल्या होत्या, त्या गेल्या असत्या तर बरं झालं असतं. आक्काने पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि खांबाला टेकून उभी राहिली.

मी ओट्यावरच सिलिंडर उघडला. काटा सरसर वर गेला, घड्याळात आकडा आला. मी म्हणालो, "ह्यो घे तुझा काटा. आन् ह्ये ह्यांचं घड्याळ. दोन्ही असू द्या. झालं का समाधान?"

आक्काने तबकडी हातात घेतली, पदराने पुसली, बराच वेळ बघितली. मग घड्याळ बघितलं. तिचा चेहरा सैलावला होता. मला वाटलं, मिटलं.

"दोन्ही सारखंच दावत्यात का?" तिने विचारलं.

मी खोटं बोललो असतो तर आज आम्ही एकत्र असतो. पण मी म्हणालो, "थोडाफार फरक असतोच. दोन घड्याळं तरी कुठं सारखी चालत्यात?"

"मंग खाली गेल्यावर ह्यांनी कुनाचं ऐकायचं? एकात हाय आन् एकात न्हाई असं दिसलं, तर?"

सरळ प्रश्न होता. सरळ उत्तरही होतं, की कमी दाखवेल त्याचं ऐकायचं. लहान मूलही सांगेल. पण ती विचारत होती कसं? पोलीस विचारतात तसं. बाया हातातलं सूप थांबवून ऐकत होत्या. मुंबईच्या दोन खेपा, म्हाताऱ्यापुढे मागे फिरलेलं पाऊल, भिंतीवरचं ते हसणं, सगळं एकदम आठवलं आणि मी म्हणालो, "ज्याच्यात जास्त दिसंल त्याचं."

कोणी हसलं नाही. आक्काने तबकडी हळूच सिलिंडरवर ठेवली, आपटली नाही.

"झालं," ती म्हणाली. "कळलं मला."

"आगं, रागानं बोललो."

"व्हय. खरं रागातच निघतं."

ती आत गेली. मी दाजींकडे बघितलं. त्यांनी दोराचा पीळ सैल पडू नये म्हणून टोक पायाच्या अंगठ्यात धरलं होतं आणि ते माझ्या जीपकडे बघत होते. त्यांनी तेव्हा काहीही म्हटलं असतं, पाव्हणं चुकलं म्हटलं असतं, तरी वाट निघाली असती. मी सिलिंडर बंद केला, उचलला आणि निघालो. त्या वर्षी भाऊबीजेचा निरोप आला नाही. मीही न बोलावता जाणाऱ्यातला नाही.

रागाच्या भरात निघालेलं एक वाक्य माणसाचं कायमचं मत म्हणून धरायचं असेल, तर या जिल्ह्यात कोणाचंच घर शाबूत राहणार नाही. मी हे अनेकांना विचारलं. सगळे म्हणतात, तुमचं बरोबर आहे. पण आक्काकडे जाऊन हे बोलायला कोणी तयार होत नाही.

धंदा चालला. पाण्यात उतरणारी माणसं मिळतात. टिकत नाहीत, पण मिळतात. पुढे एकदा सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याची जमिनीखालची पाण्याची टाकी बघायला गेलो. फाटकावर खाकी कपड्यातला पहारेकरी दांडी धरून उभा होता. दाजी. टोपी त्यांना मोठी होत होती.

"कुनाला भेटायचंय?" त्यांनी आधी विचारलं. मग ओळख पटली. "पाव्हणं."

मी खाली उतरलो. आम्ही फाटकाच्या कडेला सावलीत उभे राहिलो. आक्का बरी आहे, म्हणाले. इथंच खोली घेतली आहे. रोज गणवेश धुते आणि इस्त्री करते, म्हणाले. मग इकडंतिकडं बघून हळूच विचारलं, "टाकीत कोन उतरनार?"

"हायेत दोघं."

"काटा?"

"दोन्ही लावतो आता. नळीचा बी आन् घड्याळ बी."

त्यांनी मान हलवली. मला राहवलं नाही. मी म्हणालो, "दाजी, एक सांगा. तुमाला खाली कोनता बरा वाटायचा? नळीचा का घड्याळ?"

ते जरा वेळ फाटकाच्या दांडीवरून हात फिरवत राहिले. "मला कुठला बी चालला असता. खाली दिसत कुठं हुतं?"

"म्हंजे?"

"गाळ असतोय की. हात लावला की समदं काळं. तबकडी डोळ्यांवरल्या काचंला भिडवली तरी दिसायची न्हाई."

"घड्याळात उजेड हुता."

"गाळात उजेड बी गढूळच," दाजी म्हणाले. "श्वास वढायला जड लागला की यायचं वर. काटा मी वर आल्यावरच बघायचो. तुमच्या आक्कासंगं."

नेहमीप्रमाणे मला राग आला. "ह्ये तवाच वट्यावर बोलायचं हुतं, दाजी. आमी मायलेकरांवानी वाढलो, आमचं तुटलं ह्याच्यावरनं."

"तुमी दोघं बोलत हुता," ते म्हणाले. तक्रार म्हणून नाही, आठवण सांगावी तसं. मग म्हणाले, "खाली बरं वाटायचं. आवाज नसायचा."

मागे आलेल्या ट्रकने हॉर्न दिला. दाजींनी टोपी सारखी केली आणि दांडी वर केली. "घ्या गाडी आत, पाव्हणं. सायेब जेवायला जातील."

टाकीचं काम मला मिळालं नाही. मी भाव नीट लावलाच नाही त्या दिवशी.

आक्काची खोली कुठे आहे ते मी नंतर विचारून घेतलं होतं. हे सगळं तिला जाऊन सांगावं, असं अनेकदा मनात येतं. तू ज्या काट्यापायी भाऊ सोडलास, तो खाली कोणी बघतच नव्हतं. एकदा त्या चाळीच्या कोपऱ्यापर्यंत जीप नेली. तारेवर खाकी शर्ट वाळत होता. तिथे बसून मी हिशोब मांडला. तिला सांगितलं, तर इतक्या दिवसांचं तिचं काठावर बसणं खोटं ठरतं. पण त्यातून माझं घड्याळ खरं ठरत नाही. दाजी तर आता पाण्यात जातच नाहीत. यात कोणाच्या पदरात काही पडत नव्हतं. शर्ट वाळला असावा, कारण दार उघडायचा आवाज आला. मी जीप मागे घेतली आणि नगरच्या रस्त्याला लागलो.